पिशवीत काय निघालं

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येणार नाही, हे लोकांना माझ्याकडून कळतं. रस्ता कुठे खोदलाय, कुत्र्यांना लस कुठे टोचणार, बागेत सापडलेली छत्री कोणाची, जन्माचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो आणि ती खिडकी जेवायला किती वाजता उठते, हे सगळं दर गुरुवारी एका पानात बसवायचं काम माझं. नगरपालिकेत मला पत्रकबाई म्हणतात. माझं शिक्षण बेताचंच. लिहायला शिकले ती जुनी पत्रकं उतरवून काढून. त्यामुळे घरीसुद्धा कधी कधी 'भाजी आणणेत यावी' असं तोंडातून निघून जातं आणि आमचे हे 'सूचना मिळाली' म्हणत पिशवी उचलतात.

कचऱ्याची यादी ही माझीच कल्पना. आमच्याकडे कचऱ्याची गाडी मंगळवारी आणि शनिवारी सकाळी येते, सात ते नऊ. त्याच वेळात पिशवी बाहेर ठेवायची, एरवी नाही. लोक ऐकेनात. कोपऱ्याकोपऱ्यावर पिशव्यांची संमेलनं भरायची. दंड लावावा का अशी चर्चा चालली होती, तेव्हा भर बैठकीत मी म्हणाले, "दंड भरला की लोक मोकळे होतात, साहेब. नाव छापा. नाव, घर नंबर, आणि पिशवीत काय काय निघालं ते." मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी ठराव मलाच लिहायला सांगितला. एका ओळीचा ठराव ठरावासारखा दिसेना, म्हणून मी त्याची पाच कलमं केली. पाचवं असंच, भरीला घातलेलं: यादीत नाव आलेल्या रहिवाशाकडे नगरपालिकेच्या जागेची किल्ली वर्षभर राहणार नाही. रहिवाशांकडे अशा किल्ल्या होत्याच तीन. बागेची, व्यायामशाळेची आणि आमच्या गल्लीतल्या वाचनखोलीची.

यादी गाजली. पाण्याच्या वेळा कोणी वाचत नसे, पण कोणाच्या पिशवीतून किती बाटल्या निघाल्या ते अख्ख्या शहराला तोंडपाठ. बाजारात बायका मला अडवून विचारायच्या, "पुढच्या गुरुवारी कोण गं?" मी म्हणायचे, "वाचा म्हणजे कळेल." एवढी माझी ऐट.

पिशव्या उघडायचं काम स्वच्छता निरीक्षकाचं. त्याला आम्ही नाकदादा म्हणतो, कारण त्याच्या कामाला लागतो तोच अवयव त्याच्याकडे भरपूर आहे. हातमोजे चढवायचे, जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, पिशवी उपडी करायची आणि कागद शोधायचा. बिल, चिठ्ठी, औषधाची पावती, पाकीट, काहीही. "कागद सापडला की माणूस सापडला," असं तो पोलिसाच्या थाटात म्हणतो. बाकी जे निघेल त्याची नोंद करतो, आणि मंगळवारी ती नोंदवही माझ्या टेबलावर येते.

त्या मंगळवारी चार नोंदी होत्या. पहिल्या तीन मी नेहमीसारख्या टाइप केल्या. चौथी अशी होती:

सोमवार, सकाळी साडेसहा. गल्लीच्या कोपऱ्यावरची विजेची पेटी. काळी पिशवी एक. माशाचे काटे. संत्र्याच्या साली. केसांच्या रंगाचं रिकामं खोकं, गडद तपकिरी. टपालाचं जुनं पाकीट एक, आत दोन हिरवी बटणं. पाकिटावर नाव-पत्ता.

नाव टाकेबाईंचं होतं. आणि पिशवी माझी.

टाकेबाई म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. वय शहात्तर. आयुष्यभर शिवणकाम केलं, म्हणून गल्ली त्यांना टाकेबाई म्हणते. मी काकूच म्हणते. वाचनखोलीच्या मागे एका खोलीत एकट्या राहतात. वाचनखोली सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेचारला त्या उघडतात. पगार नाही, रजाही नाही. अकरा वर्षांत एकदाच ती उशिरा उघडली, तीही कुलूप बिघडलं म्हणून. त्यांना माशाचा वाससुद्धा सोसत नाही, अंगावर पुरळ उठतं. केस कापसासारखे पांढरे.

माझे केस गडद तपकिरी आहेत. "आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत," असं मी ऑफिसात किती वर्षं सांगत आलेय त्याची गणती नाही.

झालं होतं असं. रविवारी आम्ही मासे खाल्ले. सोमवारी पहाटेच मला भावाकडे जायचं होतं, तिकडूनच मंगळवारी थेट ऑफिसात. मंगळवारच्या गाडीपर्यंत त्या काट्यांच्या वासानं घर डोक्यावर घेतलं असतं. हे म्हणाले, "राहू दे, मंगळवारी मी ठेवतो." पण यांचा मंगळवार कधी कधी गुरुवारी उगवतो. मी संध्याकाळीच पिशवी उचलली, पदराआड धरावी तशी अंगाशी धरली, आणि विजेच्या पेटीमागे ठेवून तुरुतुरु परत आले. एक दिवस कोण बघतंय, असं मनात म्हटलं. हे मनातलं वाक्य लोक बोलून दाखवतात तेव्हा मी त्यांची नावं छापते.

आणि पाकीट? त्याआधीच्या आठवड्यात काकूंनी माझ्या हिरव्या कोटाचं अस्तर बदलून दिलं होतं. सोबत जादा दोन बटणं. "एखादं पडलं तर शहरभर शोधत फिरू नकोस," म्हणाल्या. काकू कागद वाया घालवत नाहीत. आलेलं प्रत्येक पाकीट जपून ठेवतात आणि बटणं, हुक, बिया, काय द्यायचं ते त्यातूनच देतात. ते पाकीट आठवडाभर माझ्या जेवणाच्या टेबलावर पडून होतं. संत्र्याच्या सालींबरोबर मी तेही ओढून घेतलं असणार. उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

नाकदादा माझ्या टेबलाला टेकून चहा पीत होता.

"बाई, चौथी नोंद वाचली का? म्हातारी भलतीच हौशी निघाली! केस बघावेत तर दुधासारखे आणि रंग गडद तपकिरी. लावते तरी कुठे?"

मी हसले. खोटं कशाला सांगू, चांगली खळखळून हसले. तो गेला तेव्हाही तोंड तसंच वाकडं राहिलं होतं. हाताने नीट करावं लागलं.

मग मी यादी टाइप केली. नाव, घर नंबर आणि पिशवी सापडल्याची वेळ. 'पिशवीत काय निघालं' ते सदर त्या आठवड्यापुरतं काढून टाकलं, चौघांचंही. पुलाकडच्या खोदकामाची सूचना लांबली, जागा पुरली नाही, असं मी स्वतःला पटवलं. खोदकामाची सूचना मीच लांबवली होती. मासे, रंग आणि बटणं, यातली एकही गोष्ट छापली असती तर गल्लीतल्या कोणालाही कळलं असतं की ही पिशवी काकूंची नव्हे. बटणं छापली असती तर ती कोणाची तेही कळलं असतं. तीन ओळी खोडल्या, झालं.

त्यात आपण फार काही वाईट करतोय असं तेव्हा वाटलं नाही. नुसतं नाव तर आहे, काकू हसतील, दोन गुरुवारांत लोक विसरतील. पाचवं कलम? ते मला आठवलंच नाही. स्वतःच्या हातानं लिहिलेलं कलम.

गुरुवारी संध्याकाळी मी गल्लीत शिरले तर काकू फलकासमोर उभ्या. आमच्या फलकावर पत्रक त्याच लावतात, घरी केलेल्या खळीने. पत्रक सरळ रेषेत लागलं होतं. चारही कोपरे दाबून बसवलेले, एक सुरकुती नाही. चौथ्या ओळीत त्यांचं नाव.

"अगं, बरं झालं भेटलीस," त्या म्हणाल्या. "माझी पिशवी निघाली म्हणे."

"वाचलंत तुम्ही?"

"वाचूनच लावलं. आलं की लावायचं, त्यात माझं-तुझं काय करायचं?" त्यांनी खळीचा ब्रश डब्यात उभा केला. "पण मला आठवेना गं. सकाळपासून आठवतेय. रविवारी मी काय केलं? उशीचे अभ्रे शिवले. दूध तापवलं. सात वाजता खोली बंद केली. पिशवी कधी ठेवली?"

मी खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"एरवी मी म्हटलं असतं, ऑफिसची चूक. पण पत्रक तू लिहितेस. माझं नाव तू काही उगीच घालणार नाहीस." मग माझ्या जवळ येऊन आवाज खाली आणला. "माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस विसरायची. मग घर. मला... माझं तसं होतंय का गं? तुला काही जाणवतं का? खरं सांग."

इथे मी बोलायला हवं होतं. रस्त्यात दुसरं कोणी नव्हतं. एवढंसं वाक्य होतं.

मी म्हणाले, "होतं असं कधी कधी, काकू. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी मान हलवली. डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवल्यावर माणसं हलवतात तशी.

घरी आले. हे मीटर तपासनीस होते, आता निवृत्त आहेत, आणि बाहेरचं जग संध्याकाळच्या पेपरातून तपासतात. पेपर खाली न करताच विचारलं, "काकू मासे कधीपासून खायला लागल्या?"

"माशाचं छापलंच नाहीये मी."

"तेच म्हणतोय. दर आठवड्याला कोणाच्या घरात काय शिजलं ते छापतेस. आजच उपास का धरला?"

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली. यांना वाटलं असतं तर ते बोलले असते. माझी फिरकी घेण्याची संधी हा माणूस सोडत नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी पेपराची घडी घातली, तीन-चारदा घातली, आणि एवढंच म्हणाले, "मी मंगळवारी ठेवणार होतो." जेवताना मीठ मागितलं. बस.

शुक्रवारी दुपारी जावक टपालात मला एक पत्र दिसलं. 'कलम पाच अन्वये वाचनखोलीची किल्ली सोमवारी दुपारी बारापर्यंत जमा करणेत यावी.' खाली मोठ्या साहेबांची सही. मसुदा माझाच, ठरावाच्या वेळी करून ठेवलेला. कोणीतरी कपाटातून काढून त्यात काकूंचं नाव भरलं होतं. मी पत्र हातात धरून साहेबांच्या दारापर्यंत गेले. आत ते फोनवर कोणाला तरी यादीचंच कौतुक सांगत होते. "आमच्या बाईंची कल्पना," असं म्हणाले आणि मला बघून हात हलवला. मीही हात हलवला. परत आले. पत्र टपालात गेलं.

शनिवार-रविवार मी घराबाहेर पडले नाही. खिडकीतून वाचनखोलीचं दार दिसतं. सातला उघडलं, साडेचारला उघडलं. रविवारी संध्याकाळी काकू काचा पुसत होत्या. आतून पुसल्या, मग स्टूल आणून बाहेरून. नव्या भाडेकरूसाठी घर पुसून द्यावं तशा.

सोमवारी सकाळी अकरालाच त्या ऑफिसात आल्या. अंगावर चांगले, ठेवणीतले कपडे. हातात कापडी पिशवी. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या, पिशवीतून किल्ली काढली. किल्लीला कापडाची पट्टी शिवलेली होती, तिच्यावर निळ्या दोऱ्याने 'वाचनखोली' असं भरलेलं.

"आधी मला एक अर्ज लिहून दे," त्या म्हणाल्या. "मला लिहिता येतं, पण ऑफिसात चालेल असं तूच लिहितेस."

"कसला अर्ज, काकू?"

"एका वर्षाचा प्रश्न नाहीये. किल्ली कायमचीच घ्या, असा. लिही की... माझं आता लक्षात राहत नाही. स्वतःची पिशवी जिला आठवत नाही, तिच्या हातात खोली कशाला? उद्या दिवा चालू ठेवून जाईन. पोरं अभ्यासाला येतात तिथे." आणि मग हसल्या. "नीट लिही हं. माझी कीव येईल असं नको. साधंच लिही."

पलीकडे नाकदादा कोणाशी तरी हुज्जत घालत होता. मी कागद घेतला. 'अर्जदार' लिहिलं. पुढे त्यांचं नाव लिहिलं. 'वयोमानानुसार' लिहिलं. हे सगळं हात आपोआप लिहितो, रोजचंच आहे. 'स्मरणशक्ती' या शब्दावर हात थांबला तो थांबलाच.

"काय झालं? शाई संपली?"

"पिशवी माझी होती, काकू."

त्यांना ऐकू आलं नाही की कळलं नाही, कोण जाणे. मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज मोठा निघाला. नाकदादा बोलता बोलता थांबला.

"रविवारी संध्याकाळी मी ठेवली. तुमचं बटणांचं पाकीट तिच्यात गेलं. तुम्ही काही विसरला नाहीत."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला वर बघवेना. "म्हणजे मी ठेवलीच नव्हती?"

"नाही."

"म्हणजे अभ्रे शिवले, दूध तापवलं, खोली बंद केली, एवढंच केलं? मला सगळं बरोबर आठवत होतं?"

"सगळं बरोबर आठवत होतं."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. त्या इतक्या आनंदात होत्या की थोडा वेळ त्यांना माझ्यावर रागवायचं सुचलंच नाही. तो थोडा वेळ मला रागापेक्षा जड गेला. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. छापायच्या आधी."

"मग गुरुवारी मी तुला विचारलं, तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

"माझ्या ताईचं सांगितलं मी तुला. रस्त्यात."

"हो."

"मी चार रात्री दाराची कडी लावली की नाही ते उठून उठून बघतेय." हे त्या तक्रार केल्यासारखं म्हणाल्या नाहीत. नुसतं सांगितलं. किल्ली उचलली, पट्टीवरची सुरकुती बोटाने सरळ केली, आणि किल्ली पिशवीत टाकली. "साडेचारला उघडायचंय मला." उठल्या, आणि नाकदादाकडे वळल्या. "आणि तुम्ही हो. माशाचे काटे निघाले ना? मग मला येऊन विचारायचं तरी."

माशाचं त्यांना कोणी सांगितलं म्हणाल, तर मीच त्यांच्यासमोर नोंदवही उघडी टाकली होती. त्यांनी उठल्या उठल्या चौथी नोंद उभ्यानेच पूर्ण वाचली होती. बटणांच्या ओळीवर बोट ठेवलं, काढलं.

नाकदादा बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, रंग मात्र चांगला बसलाय हं." त्याला बापड्याला दुसरं काही सुचलं नसावं.

मोठे साहेब दुरुस्ती छापायला तयार होईनात. "दुरुस्ती असं सदरच नाही आपल्याकडे. एकदा छापली की लोक मागची सगळी पत्रकं काढून बसतील." ते पत्र मात्र त्यांनी रद्द केलं. मी म्हटलं, दुरुस्ती नको, पण यादी आहे ना? नियम मोडणाऱ्याचं नाव तर छापायलाच हवं.

"तुमचं नाव? आमच्याच कर्मचाऱ्याचं?"

"कर्मचाऱ्याला सूट आहे असं कुठल्याच कलमात नाहीये, साहेब. कलमं मीच लिहिलीत."

पुढच्या गुरुवारी यादीत एकच नाव होतं. 'पिशवीत काय निघालं' ते सदर परत आणलं. माशाचे काटे, संत्र्याच्या साली, केसांच्या रंगाचं खोकं, गडद तपकिरी, जुनं पाकीट, आत दोन हिरवी बटणं. त्याखाली लिहिलं: पाकीट शेजारणीचं होतं, तिने प्रेमानं दिलेलं, पिशवी तिची नव्हती, मागच्या गुरुवारी तिचं नाव छापलं तेव्हा लिहिणारीला हे माहीत होतं. साहेबांनी 'प्रेमानं' खोडलं. म्हणाले, पत्रकात बसत नाही. बाकीचं राहू दिलं, माझ्याकडे न बघता सही केली.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम फलकावरून गेले. पत्रक सरळ लागलं होतं. चारही कोपरे दाबलेले. ना कमी, ना जास्त.

बाजारात बायका आता मला अडवत नाहीत. बघतात मात्र, आधी केसांकडे. मी रंग लावायचं थांबवलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तेही खरं नाही.

काकू मला भेटल्या की बोलतात. "पाणी उद्या आहे ना?" "हो काकू." एवढंच. मला त्या आता 'अगं' म्हणत नाहीत. वाचनखोलीत गेले तर सगळ्यांसारखी वहीत सही करायला लावतात, आणि 'तुम्ही' म्हणतात. शेजारीण म्हणून मी त्यांच्यापुढे वीस वर्षं लहान होते. एका गुरुवारात मोठी झाले.

थंडी पडल्यावर मी हिरवा कोट काढला. दुसऱ्याच दिवशी सकाळी, लवकर ऑफिसला जाताना, मधलं बटण लोंबायला लागलं. मी ते मुठीत धरून चालले होते. काकू वाचनखोलीचं दार उघडत होत्या. त्यांनी मुठीकडे पाहिलं.

"आत या," म्हणाल्या.

खणातून सुई काढली, दोरा ओवला. चष्मा न लावता, एका झटक्यात. कोट उतरवायला लागले तर म्हणाल्या, "राहू द्या. हलू नका." आणि अंगावरच शिवायला लागल्या. त्यांचं पांढरं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. सुई आत जात होती, बाहेर येत होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. खूप काही बोलायचं मी तोंडात घोळवत आणलं होतं, कितीतरी दिवस.

"काकू..."

"हलू नका म्हटलं ना. टोचेल."

त्यांनी गरजेपेक्षा चार टाके जास्तच घातले. गाठ मारली, वाकून दाताने दोरा तोडला, आणि बटण ओढून पाहिलं. चांगलं जोरात ओढलं, मी अर्धं पाऊल पुढे आले.

"हे आता पडणार नाही," त्या म्हणाल्या. "जादाचं माझ्याकडे नाहीये."

मग सुई खणात ठेवली, वही माझ्यापुढे सरकवली, आणि मी सही केली.